साखळी कुठे सोडावी? श्वान-उद्यानांच्या जन्माची कथा

१/ कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या आवारात एक कारंजे आहे. त्याला कोणा कुलगुरूचे, देणगीदाराचे किंवा सेनापतीचे नाव नाही. ते 'लुडविगचे कारंजे' आहे. लुडविग हा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीचा कुत्रा. १९६० च्या सुमारास तो विद्यापीठात येऊ लागला. कारंज्यात उतरून बसावे, विद्यार्थ्यांकडून खाऊ मिळवावा आणि दिवस मावळला की घरी जावे, हा त्याचा नेम. १९६१ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने कारंज्याला अधिकृतपणे त्याचे नाव दिले.

२/ लुडविगच्या गळ्यात साखळी नसे, सोबत मालक नसे आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नसे. त्याच बर्कली शहरात १९७९ मध्ये कुत्र्यांना मोकळे सोडता यावे म्हणून जमिनीचा एक तुकडा कुंपण घालून राखून ठेवावा लागला. अमेरिकेतील पहिले श्वान-उद्यान म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मोकळे कुत्रे हे जिथले नित्याचे दृश्य होते, तिथे मोकळेपणासाठी कुंपण का लागले? आणि कुंपणाच्या दारावर लिहिलेले नियम आले कुठून? हा धागा त्याविषयी.

३/ प्रारंभ मात्र बर्कलीच्या शंभर वर्षे आधी करावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील मोठ्या शहरांना मोकळ्या कुत्र्याचे भय वाटे ते मुख्यतः पिसाळण्याच्या रोगामुळे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू अटळ, आणि पाश्चरची लस १८८५ मध्ये आली. तोवर नगरपालिकांच्या हाती दोनच उपाय होते : कोंडवाडा आणि सोटा.

४/ न्यूयॉर्कमध्ये उन्हाळा आला की भटकी कुत्री पकडून लोखंडी पिंजऱ्यात भरत आणि पिंजरा ईस्ट रिव्हरमध्ये बुडवत. १८७७ च्या जुलैमध्ये एकाच दिवसात सातशेहून अधिक कुत्री अशी मारली गेली. १८९४ मध्ये कोंडवाड्याचे आणि श्वान-परवान्यांचे काम प्राणिसंरक्षण करणाऱ्या एएसपीसीए या संस्थेकडे सोपवण्यात आले, तेव्हा ही पद्धत मोडीत निघाली.

५/ मुंबईच्या वाचकांना इथे १८३२ ची आठवण होईल. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून त्या वर्षी जूनमध्ये किल्ल्यात दंगा उसळला. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे, अंत्यविधीतही त्याची उपस्थिती लागते. त्यामुळे पारशी समाज खवळला. हिंदू व्यापारीही सामील झाले, बाजार बंद पडला आणि फौजेचा शिधा अडला. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तडजोड निघाली. बर्कलीशी या घटनेचा थेट संबंध नाही. पण रस्त्यावरच्या कुत्र्याचा प्रश्न वरकरणी कुत्र्याचा असतो आणि आतून माणसामाणसांतला असतो, हे मुंबईला फार आधी कळले होते एवढे खरे.

६/ इंग्लंडने वेगळा मार्ग धरला. १८९७ पासून कृषी मंडळाचे अध्यक्ष वॉल्टर लाँग यांनी अनेक भागांत कुत्र्यांना मुसके बांधणे सक्तीचे केले. श्वानप्रेमी संतापले. मुसके म्हणजे मुक्या जिवावर अत्याचार, असा त्यांचा आक्षेप होता. लाँग मागे हटले नाहीत. १९०२ पर्यंत ब्रिटनमधून रेबीज हद्दपार झाला. (पहिल्या महायुद्धानंतर तो पुन्हा शिरला आणि १९२२ पर्यंत पुन्हा घालवण्यात आला.) त्रासदायक नियम सर्वांनी काही वर्षे पाळला तर रोग जातो आणि मग नियमही सैल करता येतो, याचे याहून ठळक उदाहरण श्वान-इतिहासात क्वचितच सापडेल.

७/ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत श्रीमंत देशांतील शहरांत पिसाळलेल्या कुत्र्याचे भय ओसरले. त्याची जागा एका अगदी अप्रतिष्ठित विषयाने घेतली. विषय होता विष्ठा.

८/ न्यूयॉर्कमध्ये १९३० च्या दशकापासून रस्तोरस्ती पाट्या होत्या. कुत्र्याला पदपथाच्या कडेला, गटाराच्या बाजूस न्यावे, एवढीच सूचना त्यांवर असे. उचलण्याची अपेक्षा कोणीच करत नव्हते. साफसफाई करणारे खाते आहेच की! पण १९७० च्या दशकात शहरातील कुत्र्यांची संख्या पाच लाखांच्या घरात असल्याचे अंदाज वर्तवले जात होते. त्यात नगरपालिकेची तिजोरी रिकामी. १९७५ मध्ये तर न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. गटारे झाडायला माणसे कुठून आणणार?

९/ या वादात एक विलक्षण व्यक्ती उतरली. फ्रॅन ली. मूळच्या अभिनेत्री, पुढे ग्राहकांच्या बाजूने रेडिओ-दूरचित्रवाणीवर बोलणाऱ्या कार्यकर्त्या. त्यांच्या संघटनेचे नावच होते 'कुत्र्यांआधी मुले'. त्यांचा रोख टॉक्सोकारा या गोलकृमीवर होता. कुत्र्याच्या विष्ठेतून या जंताची अंडी मातीत जातात, मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात आणि क्वचित प्रसंगी अळी डोळ्यात शिरून दृष्टी जाते. सभांमध्ये श्वानप्रेमी त्यांची हुर्यो उडवत. एका सभेत तर त्यांच्यावर विष्ठेची पिशवी फेकण्यात आली.

१०/ गंमत अशी की, विष्ठा उचलण्याच्या कायद्याला फ्रॅन ली यांचाही विरोध होता! त्यांच्या मते उचलून भागणार नाही, कुत्र्याने मालकाच्या घरातच विधी उरकावा. दुसरीकडे श्वानमालकांच्या संघटनांनाही कायदा नको होता. आज उचला म्हणाल, उद्या कुत्रे पाळूच नका म्हणाल, अशी त्यांना धास्ती. दोन्ही टोकांची माणसे एकाच प्रस्तावावर तुटून पडली, आणि महापौर लिंडसे यांच्या काळापासून शहराच्या विधिमंडळात प्रयत्न होऊनही काही निष्पन्न झाले नाही.

११/ अखेर प्रश्न राज्याच्या विधिमंडळाने हाती घेतला. फ्रान्झ लाइख्टर आणि एडवर्ड लेनर यांनी मांडलेला कायदा मंजूर झाला आणि १ ऑगस्ट १९७८ पासून अमलात आला. चार लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत कुत्र्याची विष्ठा मालकाने उचलायची, न उचलल्यास १०० डॉलरपर्यंत दंड. महापौर एड कॉच यांनी तो मोठ्या हिरिरीने उचलून धरला. (शब्दश्लेष टाळता येत नाही.)

१२/ त्या महिन्यात एक अडचण अनपेक्षितपणे आली. किराणा दुकानांतल्या पातळ प्लॅस्टिक पिशव्या तेव्हा अमेरिकेत रुळलेल्या नव्हत्या. उचलायचे ते जुन्या वर्तमानपत्राने. आणि कायदा लागू होऊन दहा दिवस होत नाहीत तोच न्यूयॉर्कच्या तीन प्रमुख दैनिकांत संप झाला. तो जवळपास तीन महिने चालला!

१३/ तरीही कायदा टिकला. कसा, हे पाहण्याजोगे आहे. दंडाच्या पावत्या फाडायला पोलीस पुरेसे नव्हते आणि निरीक्षकही मूठभर. पण पदपथावरच्या अनोळखी माणसाला आता बोलण्याचा अधिकार मिळाला होता. आधी कोणी टोकले तर 'तुमचे काय जाते?' असे उत्तर येई. आता टोकणाऱ्याच्या पाठीशी कायदा होता, आणि पिशवी हाती घेऊन चालणारा मालक लाजेचा नव्हे तर सभ्यतेचा नमुना ठरू लागला. कायद्याने पोलिसांना जेवढे बळ दिले, त्याहून अधिक शेजाऱ्यांना दिले.

१४/ फ्रॅन ली यांच्या शंकेचेही उत्तर जीवशास्त्रात होते. टॉक्सोकाराची अंडी विष्ठेतून बाहेर पडताच संसर्गजन्य नसतात. ती तशी होण्यास साधारण दोन-तीन आठवडे लागतात. नंतर मात्र ती मातीत वर्षानुवर्षे तग धरू शकतात. म्हणजे ताजी विष्ठा लगेच उचलली तर धोका मातीत पोहोचतच नाही, आणि 'नंतर उचलू' म्हणून सोडली, ती पावसात विरघळली, तर डोळ्यांना काही दिसत नाही पण माती दूषित झालेली असते. श्वान-उद्यानांतील 'लगेच उचला' या नियमातला 'लगेच' हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा.

१५/ १९७८ हे वर्ष आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी कुत्र्यांमध्ये एक नवा विषाणू ओळखला गेला : पार्वो. मांजरांच्या एका जुन्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते. दोनएक वर्षांत तो जगभर पसरला. पिल्लांना रक्ताचे जुलाब, उलट्या होत आणि त्यातली कितीतरी दगावत. खास लस तयार होईपर्यंत पशुवैद्यांनी मांजरांची लस कुत्र्यांना टोचून वेळ निभावली. कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कार्मायकेल आणि मॅक्स अपेल यांनी कुत्र्यांसाठीची लस विकसित केली.

१६/ या विषाणूचा चिवटपणा असा की मातीत, बुटांच्या तळव्याला, गवतावर तो महिनोन्महिने टिकतो. कुत्र्यांना प्रत्यक्ष भेटण्याचीही गरज नाही. एक आजारी पिल्लू सकाळी येऊन गेले आणि दुसरे पुढच्या महिन्यात तिथेच हुंगत फिरले, तरी पुरे. अमेरिकेतील पहिले श्वान-उद्यान नेमके या साथीच्या ऐन भरात सुरू झाले हे पाहिले, म्हणजे लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू आत आणू नये, हा नियम किती कळीचा होता ते उमगते. पिल्लांच्या लसींचा क्रम साधारण चार महिन्यांच्या वयापर्यंत चालतो. तोवर फाटकाबाहेरच थांबलेले बरे.

१७/ आता बर्कलीकडे. ती जमीन आली कुठून, ही गोष्ट स्वतंत्र धाग्याची आहे, पण थोडक्यात सांगायलाच हवी. सान फ्रान्सिस्को उपसागराभोवती बार्ट ही रेल्वे उभारली जात होती. मूळ आराखड्यात बर्कलीतून तिचे रूळ काही भागांत उंच खांबांवरून जाणार होते. शहराचे दोन तुकडे होतील, म्हणून १९६६ मध्ये नागरिकांनी मतदान करून जादा खर्च स्वतः उचलला आणि रूळ जमिनीखाली घालून घेतले. बोगद्यासाठी हर्स्ट अव्हेन्यूलगतची घरे पाडली गेली. बोगदा बुजला आणि वर उरली लांबच लांब, ओसाड पट्टी.

१८/ तेवढ्यात १९६९ उजाडले. विद्यापीठाच्या मालकीच्या एका मोकळ्या जागेवर विद्यार्थी आणि रहिवाशांनी झाडे लावून 'पीपल्स पार्क' उभारले. १५ मे रोजी पहाटे विद्यापीठाने तिथे कुंपण घातले, दुपारी दंगल पेटली, पोलिसांनी बंदुका चालवल्या. जेम्स रेक्टर हा तरुण त्या जखमांनी मरण पावला. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी नॅशनल गार्डच्या तुकड्या शहरात उतरवल्या. कुंपणाआड गेलेल्या बागेच्या बदल्यात म्हणा किंवा हट्टाने म्हणा, काही मंडळींनी हर्स्ट अव्हेन्यूच्या ओसाड पट्टीत रोपे लावायला सुरुवात केली. तिला नाव पडले 'पीपल्स पार्क ॲनेक्स'.

१९/ तिथे इमारती बांधाव्यात की बाग असावी, यावर पुढची दहा वर्षे वाद झाला. बागेचा पक्ष जिंकला. १९७९ मध्ये त्या पट्टीला या प्रदेशातील मूळ रहिवाशांच्या स्मरणार्थ 'ओहलोनी पार्क' हे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी तिच्या एका कोपऱ्यात कुत्र्यांसाठी कुंपण पडले. मार्था स्कॉट बेनेडिक्ट आणि डोरिस रिचर्ड्स या दोन स्त्रियांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. नगरपालिकेने परवानगी दिली ती 'प्रायोगिक' म्हणून. पुढे त्या तुकड्याला बेनेडिक्ट यांचेच नाव देण्यात आले.

२०/ 'प्रायोगिक' या शब्दात सारे मर्म आहे. प्रयोग फसला असता तर जागा परत गेली असती. कुत्रा चावला, विष्ठा साचली, शेजाऱ्यांची झोप उडाली, तर नगरपालिकेला फाटकाला कुलूप लावणे एका ठरावाचे काम होते. त्यामुळे वापरणाऱ्यांनीच संघटना केली आणि देखभाल हाती घेतली. कचरा उचलणे, पिशव्या ठेवणे, नव्या माणसाला नियम समजावणे ही कामे स्वयंसेवकांकडे आली.

२१/ इथे एक विद्याशाखीय आडवाट घ्यावीशी वाटते. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी 'सामायिक कुरणाची शोकांतिका' मांडली : कुरण सर्वांचे असले की प्रत्येक जण आपली आणखी एक गाय सोडतो आणि कुरण उजाड होते. गायरानाचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला हे अर्धसत्य वाटेल, कारण गावे गायराने सांभाळतही आली आहेत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात नेमके हेच दाखवले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सीमा स्पष्ट असावी, नियम वापरणाऱ्यांनी ठरवावेत, देखरेखही त्यांचीच असावी, चुकणाऱ्याला आधी सौम्य आणि मग कडक शिक्षा असावी. ऑस्ट्रॉम यांच्यासमोर स्वित्झर्लंडची कुरणे आणि स्पेनचे पाट होते. श्वान-उद्यान त्यांच्या यादीत नाही, पण शोभले असते.

२२/ आता त्या फाटकाकडे नीट पाहावे. श्वान-उद्यानाला सहसा दोन फाटके असतात, मध्ये छोटीशी मोकळी चौकट. बाहेरचे फाटक लागल्याखेरीज आतले उघडायचे नाही. एखादा कुत्रा निसटला तरी चौकटीत अडकतो, रस्त्यावर जात नाही. साखळी सोडायची तीही या चौकटीतच.

२३/ साखळी आत जाऊन का सोडू नये? कारण मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात बांधलेला कुत्रा अडचणीत येतो. त्याला मागे सरता येत नाही, वळसा घेता येत नाही, पळता येत नाही. कुत्र्यांच्या भेटीचा शिष्टाचार कडेकडेने, वळण घेत जाण्याचा आहे. ताणलेली साखळी त्याला समोरासमोर उभे करते. पळण्याची वाट बंद झालेला प्राणी दात दाखवतो, आणि मालकाला वाटते आपला कुत्रा विनाकारण चिडला. म्हणून एक तर सगळे बांधलेले, नाही तर सगळे मोकळे. मधला मार्ग इथे घातक.

२४/ मोकळ्या कुत्र्यांची मस्ती आणि भांडण यांतला फरक ओळखणे हेही मालकाचेच काम. कोलोरॅडो विद्यापीठाचे मार्क बेकॉफ १९७० च्या दशकापासून याचा अभ्यास करत आले. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग उंच करून कुत्रा जो 'मुजरा' करतो, तो खेळाचे आमंत्रण असतो. बेकॉफ यांना दिसले ते असे की चावा घेण्याआधी किंवा घेतल्यानंतर, जिथे गैरसमज होण्याचा संभव अधिक, तिथे कुत्री हा मुजरा आवर्जून करतात. जणू वाक्यातले विरामचिन्ह : आता जे करतो आहे ते खेळातलेच, असे बजावण्यासाठी.

२५/ खेळ निकोप असला की भूमिका बदलत राहतात. पाठलाग करणारा थोड्या वेळाने पळणारा होतो, थोरला धाकट्यासमोर मुद्दाम लोळण घेतो. एकच कुत्रा सारखा खाली दाबला जात असेल, शेपूट पोटाशी घेऊन फाटकाकडे धावत असेल, तर तो खेळ राहिलेला नसतो. तेव्हा आपल्या दांडगोबाला बोलावून घ्यायचे. बोलावल्यावर जो येत नाही, त्याची साखळी सोडण्याची वेळ अजून आलेली नाही. हाक मारताच परत येणे ही मोकळे सुटण्याची पहिली अट अनेक शहरांच्या नियमांत 'कुत्रा आवाजाच्या नियंत्रणात असावा' अशा शब्दांत येते.

२६/ बाकीचे नियम थोडक्यात. माजावर आलेली मादी आणू नये. खाऊ आणि आवडते खेळणे घोळक्यात काढू नये, कारण मालकीवरून भांडणे जुंपतात. लहान मुलांना आत धावू देऊ नये, कारण धावणारे मूल कुत्र्याला पळणाऱ्या सावजासारखे वाटू शकते. खोदलेला खड्डा बुजवून जावे. आणि बाकावर बसून मोबाइल पाहू नये. हा शेवटचा नियम १९७९ मध्ये अर्थातच नव्हता, पण त्याचा पूर्वज होता : गप्पांत रंगून पाठ फिरवू नये.

२७/ बर्कलीचा नमुना हळूहळू पसरला. न्यूयॉर्कमधले पहिले कुंपणबंद श्वानांगण टॉम्पकिन्स स्क्वेअरमध्ये १९९० मध्ये झाले. पण त्या शहराची खरी कमाई वेगळीच होती आणि तिला कुंपण नव्हते. शहरातील नियमानुसार सार्वजनिक जागी सहा फुटांहून लांब साखळी चालत नाही. तरीही रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळेत मोठ्या उद्यानांतील ठरावीक भागांत कुत्री मोकळी सोडली तर अधिकारी काणाडोळा करत. उद्यान आयुक्त हेन्री स्टर्न यांच्या काळात रुळलेली ही अलिखित सवलत वीसएक वर्षे चालली.

२८/ अलिखित सवलतीचे दुखणे असे की ती कोणाही एकाच्या तक्रारीने मोडू शकते. २००६ मध्ये क्वीन्समधील ज्युनिपर पार्कच्या नागरिक संघटनेने शहरावर दावा ठोकला. कायदा साखळी बांधा म्हणतो, तर तुम्ही तो पाळत का नाही? प्रश्न बिनतोड होता. श्वानमालकांना आपल्या पहाटा हातच्या जाताना दिसू लागल्या.

२९/ दावा शहराच्या बाजूने लागला. तरी शहाणपण असे की नगर आरोग्य मंडळाने त्याच वर्षअखेर नियमातच दुरुस्ती केली आणि २००७ मध्ये ही सवलत कागदावर आली. बदल्यात अटी आल्या : कुत्र्याचा परवाना आणि रेबीज लसीचा दाखला जवळ हवा, मागितल्यास दाखवला पाहिजे. वेळ उद्यान उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊपासून उद्यान बंद होईपर्यंत. जागेची वाटणी कुंपणाने न करता घड्याळाने केलेली! ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांच्यासाठी दिवसाचे बारा तास निश्चित, आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी मोकळा दिसणारा कुत्रा हा केवळ नियमभंग राहत नाही. तो त्या करारावरचा घाव असतो.

३०/ करार नीट झाला नाही की काय होते, हे बर्कलीसमोरच, उपसागराच्या पलीकडे दिसते. सान फ्रान्सिस्कोच्या पश्चिम किनाऱ्यावर फोर्ट फन्स्टन नावाचे जुने लष्करी ठाणे आहे. वाळूचे कडे, सुसाट वारा, खाली समुद्र. १९७२ मध्ये गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र स्थापन झाले आणि हा भाग राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेला. राष्ट्रीय उद्यानांत कुत्रे साखळीविना चालत नाही. पण इथे लोक पूर्वीपासून कुत्री मोकळी सोडत आले होते. म्हणून १९७९ मध्ये, म्हणजे ओहलोनीच्याच वर्षी, नागरिकांच्या सल्लागार आयोगाच्या शिफारशीवरून काही भागांत मोकळीक देणारे धोरण स्वीकारले गेले. देशाच्या नियमात मात्र बदल झालाच नाही.

३१/ आणि इथे कुत्री व माणसे यांखेरीज तिसरा पक्ष होता. फोर्ट फन्स्टनच्या कड्यांत बँक स्वॉलो जातीच्या पाकोळ्या बिळे करून घरटी घालतात. कॅलिफोर्नियात त्यांची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. जवळच्या ओशन बीचवर स्नोई प्लोव्हर हा चिमुकला, वाळूच्या रंगाचा पक्षी येतो. १९९३ मध्ये त्यालाही संघराज्याचे संरक्षण मिळाले. त्याच्यामागे कुत्रा धावला म्हणजे तो दरवेळी मारला जातो असे नाही. तो उडतो, दूर बसतो, पुन्हा उडवला जातो. जी ऊर्जा साठवायची तीच उडण्यात खर्च होते. मालकाच्या दृष्टीने ती केवळ गंमत असते.

३२/ २००० मध्ये उद्यान सेवेने फोर्ट फन्स्टनचा सुमारे १२ एकर भाग पक्ष्यांसाठी बंद करायला घेतला. श्वानमालक न्यायालयात गेले आणि लोकांचे म्हणणे न ऐकता घेतलेला निर्णय रोखला गेला. पुढे उद्यान सेवेने १९७९ चे धोरणच बेकायदा ठरवून सर्वत्र साखळी लागू केली, लोकांवर खटले भरले. २००५ मध्ये फेडरल न्यायालयाने म्हटले की इतक्या वर्षांची मोकळीक अशी एका फटक्यात, जनसुनावणीविना काढून घेता येणार नाही.

३३/ त्यानंतर आराखडे, सुधारित आराखडे, हरकती, सभा यांत दहा-बारा वर्षे गेली. पक्षिमित्र आणि श्वानमित्र समोरासमोर ठाकले, यातली दुर्दैवाची बाब अशी की पुष्कळ माणसे दोन्हीही होती. मधल्या काळात धंदा म्हणून एकाच वेळी बरीच कुत्री फिरवणाऱ्यांची संख्या वाढली. सान फ्रान्सिस्को शहराने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी परवाना आणि एका वेळी जास्तीत जास्त आठ कुत्र्यांची मर्यादा आणली. एका माणसाला आठ कुत्र्यांवर खरोखर लक्ष ठेवता येते का, हा प्रश्न नियम बनवणाऱ्यांनी सोडून दिलेला दिसतो.

३४/ २०१६ मध्ये उद्यान सेवेने नवा कडक नियम प्रस्तावित केला. २०१७ मध्ये तो पूर्णपणे मागे घेण्यात आला. मोकळ्या कुत्र्यांचा कारभार पुन्हा १९७९ च्या त्या जुन्या धोरणाकडे गेला. बंद केलेल्या १२ एकरांभोवती कुंपण आहे, कड्यांच्या बाजूला पाट्या आहेत. पाकोळ्या वसंतात दक्षिणेकडून येतात आणि त्याच वाळूत पुन्हा बिळे कोरतात. वरच्या पठारावर, कुंपणापासून काही पावलांवर, मालक वाकून गळ्याच्या पट्ट्यातून साखळीची कडी काढतात.